मे महिन्याची पावती

उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाला एक तासही शिकवलं नव्हतं, तरी सगळी गल्ली त्यांना पावतीमास्तर म्हणायची. शाळेच्या फीच्या खिडकीमागे चौतीस वर्षं बसलेले कारकून ते; पण शाळेतून घरी येणारा प्रत्येक पुरुष मास्तर, असा गल्लीचा सरळ कारभार होता. 'पावती' हे मात्र त्यांनी स्वतः कमावलं होतं. शेजारणीने उसने नेलेले सुटे पैसे परत आणून दिले, तरी हे आत जाऊन पावतीपुस्तक घेऊन यायचे. शेजारीण पोट धरून हसायची, मास्तर हसायचे नाहीत. खाडाखोड नाही, गाळलेला नंबर नाही, अर्धवट सोडलेली पावती नाही. निवृत्तीच्या दिवशी शाळेने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं, तर त्याचीही पोच त्यांनी तिथल्या तिथे लिहून मुख्याध्यापकांच्या हातात ठेवली. लोक ही गोष्ट विनोद म्हणून सांगायचे, पण ती खरी होती.

अशा माणसाच्या हातून एका पावतीपायी काय झालं, ते सांगायचं आहे.

मास्तरांचं घर लहान. वर दोन खोल्या, खाली रस्त्याकडे दार असलेली एक खोली. खालच्या खोलीत वीस वर्षं एक बाइंडर भाड्याने होता. त्याला कुणी दुसऱ्या नावाने हाक मारल्याचं कुणाला आठवत नाही. शाळेची हजेरीपत्रकं, जमाखर्चाच्या वह्या, फीची पावतीपुस्तकं, सगळं तो बांधायचा. पुठ्ठा कापायचा, खळ लावायचा, आणि नंबर मारायच्या यंत्राने पानामागून पान ठोकत जायचा. मास्तरांनी ज्या पावत्यांवर आयुष्यभर सह्या केल्या, त्या त्याच्याच हातच्या. शाळेचं काम त्याला मिळवून दिलं तेही मास्तरांनीच. त्यामुळे वीस वर्षं भाडं महिन्याच्या एक तारखेला यायचं आणि त्याची पावती दोन मिनिटांत खाली जायची, त्यात कुणाला काही विशेष वाटत नव्हतं.

मग मास्तर निवृत्त झाले आणि शाळेने कॉम्प्युटर घेतले. पावती छापून बाहेर यायला लागली, हजेरी पडद्यावर गेली. बाइंडरकडे उरल्या त्या लग्नाच्या याद्या आणि कुणाच्या तरी पोराची फाटकी डिक्शनरी. एका मे महिन्यात भाडं आलं नाही. जूनमध्ये तो म्हणाला, "मास्तर, पुढच्या महिन्यात दोन्हीचं एकदम देतो." पुढच्या महिन्यात त्याने नुसती मान खाली घातली. मास्तरही काही बोलले नाहीत. वीस वर्षांच्या माणसाला तीन महिन्यांसाठी काय टोकायचं, असं त्यांना वाटलं, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

ऑगस्टमध्ये मास्तरीणबाई जिन्यावर पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाडही जुळलं, पण डॉक्टरांनी बजावून सांगितलं, "घरात कुबडी घेऊन चालू द्या, जिना मात्र कायमचा बंद." जिन्याला पायऱ्या एकवीस. वरच्या खोल्यांना एकच खिडकी, तीही मागे. समोर गोदामाची उंच भिंत. बाई बडबड्या, माणूसवेल्हाळ. सगळं आयुष्य त्यांनी खालच्या ओट्यावर उभं राहून रस्त्याशी बोलत काढलेलं. भाजीवाल्याशी भांडण, शाळेतून येणाऱ्या पोरींच्या वेण्यांची चौकशी, समोरच्या न्हाव्याच्या आरशात बघून त्याच्याच गिऱ्हाइकाला नावं ठेवणं. ते सगळं एका दिवसात तुटलं. आता त्या दिवसभर भिंतीकडे बघायच्या, आणि अधूनमधून मागच्या खिडकीतून दोरीला टोपली बांधून खाली सोडायच्या.

"बाइंडरभाऊ, अहो, कोथिंबीर आणता का जराशी?"

तो मागचं दार उघडायचा, टोपलीत कोथिंबीर ठेवायचा आणि रस्त्यावरच्या चार बातम्या वर ओरडून सांगायचा. त्यांना तेवढाच विरंगुळा होता.

मास्तरांच्या डोक्यात मात्र एकच गोष्ट घर करून बसली. खालची खोली मोकळी व्हायला हवी. तिच्या दारात खुर्ची टाकायची, खुर्चीत हिला बसवायचं, आणि समोरून रस्ता जाऊ द्यायचा. बस्स, एवढंच. बाइंडरला त्यांनी नीट विचारून पाहिलं. तो म्हणाला, "मास्तर, जाऊ कुठं? यंत्रं कुठं ठेवू?" दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो रडला. तिसऱ्यांदा मास्तर विचारायला गेले नाहीत, वकीलबाईंकडे गेले.

डिसेंबरच्या शेवटी नोटीस गेली. मेपासून डिसेंबरपर्यंत आठ महिने भाडं थकलेलं, सबब भाडेकरार संपला, खोली सोडा आणि थकबाकी भरा. बाइंडरने खोली सोडली नाही, तेव्हा दावा दाखल झाला. वकीलबाई वयाने मास्तरांच्या मुलीसारख्या. पण बोलायला लागल्या की मास्तर शाळेतल्या पोरासारखे हात मांडीवर ठेवून ऐकायचे.

"काका, एक गोष्ट लक्षात ठेवा. जुनं थकलेलं त्याने आणून दिलं तर खुशाल घ्या, ती तुमची येणी आहेत. पण नोटिशीनंतरच्या महिन्यांचं भाडं हातात घ्यायचं नाही. जानेवारीचं भाडं म्हणून एक पैसा घेतलात, की तुम्हीच त्याला पुन्हा भाडेकरू म्हणून कबूल केलंत. नोटीस गेली केराच्या टोपलीत, आपण परत पहिल्या पायरीवर."

"हे मला सांगायला नको," मास्तर म्हणाले. शाळेचा नियमच होता तो. कुणी कितीही फी आणो, आधी सगळ्यात जुनी बाकी फिटते, मग नवी. चौतीस वर्षांत मुख्याध्यापकांच्या मेहुण्यासाठीसुद्धा त्यांनी हा नियम मोडला नव्हता.

मार्चच्या अखेरीस, ऐन दुपारी, बाइंडर जिना चढून वर आला. दावा लागल्यापासून टोपली बंद होती; मास्तरांनीच दोरी गुंडाळून कपाटावर टाकली होती. कोर्टात भांडायचं आणि कोथिंबीर मागायची, हे त्यांना शोभणारं वाटत नव्हतं. म्हणून बाइंडरला दारात बघून बाई अंथरुणातच उठून बसल्या.

त्याच्या हातात पाकीट होतं. "कटिंग मशीन विकलं," तो म्हणाला. "तीन महिन्यांचं भाडं आहे."

कटिंग मशीन म्हणजे त्याचा उजवा हात. मास्तरांनी पैसे मोजले, पुस्तक उघडलं, कार्बन सरळ केला आणि सवयीने 'मे, जून, जुलै' लिहायला पेन टेकवलं.

"मास्तर, एक मागणं होतं." बाइंडर अजून उभाच होता. "पावती या तीन महिन्यांची द्या. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. जुनं माझ्या डोक्यावर आहे, ते मी फेडीन, नाही म्हणत नाही. पण निदान या वर्षाची तरी माझी पाटी कोरी असू दे. सकाळी उठलं की छातीवर धोंडा ठेवल्यासारखं होतं हो."

मास्तर थांबले. पलंगावरून बाई म्हणाल्या, "लिहा की हो तसं. पैसे तर तेवढेच ना?"

पैसे तेवढेच होते. फक्त महिन्यांची नावं वेगळी. जन्मभर ज्या नियमापुढे त्यांनी कुणाची भीड ठेवली नाही, तो त्यांनी त्या दुपारी एका माणसाची छाती हलकी व्हावी म्हणून मोडला. 'जानेवारी, फेब्रुवारी, मार्च' लिहिलं. सहीचं पहिलं अक्षर काढलं आणि वकीलबाई आठवल्या. आठवल्या नाहीत असं ते पुढे स्वतःशीसुद्धा कधी म्हणाले नाहीत. पण पेन टेकलेली पावती अर्धी सोडणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. सही पुरी झाली. पान रेघेवर नीट फाडून त्यांनी बाइंडरला दिलं, स्थळप्रत पुस्तकात राहिली. नंबर एकशे सत्तेचाळीस.

"पावती कशाला, तुमचा शब्द बस होता," बाइंडर म्हणाला, पण त्याने ती दोन्ही हातांनी घेतली.

पुढे एप्रिलपासूनचं भाडं दर महिन्याला कोर्टात भरायचा हुकूम झाला, आणि दुसऱ्याच्या छापखान्यात रोजावर जाऊन तो ते भरत राहिला. जुने आठ महिने तसेच. मास्तर तारखांना जात होते, तारखा पुढे ढकलल्या जात होत्या. बाईंनी टोपलीचं नाव काढणं सोडून दिलं.

पावसाळा संपता संपता मास्तरांची साक्ष लागली. सकाळच्या सत्रात बाइंडरच्या वकिलाने टेबलावर एक पत्र्याचा डबा ठेवला. बाइंडरने वीस वर्षांच्या सगळ्या पावत्या त्या डब्यात जपल्या होत्या आणि मागितल्यावर डबाच उचलून वकिलाच्या हाती दिला होता. त्यातून वकिलाने नेमकी एक चिठ्ठी बाहेर काढली आणि कोर्टापुढे ठेवली. मास्तरांनी लांबूनच ओळखली. आपलं अक्षर कुणाला ओळखू येत नाही?

जेवणाच्या सुट्टीत वकीलबाई त्यांना व्हरांड्याच्या टोकाला घेऊन गेल्या. चिडल्या नाहीत, त्याचंच मास्तरांना जास्त वाईट वाटलं.

"काका, माणसाची नजरचूक होते," त्या हळू म्हणाल्या. "मे, जून, जुलै लिहायचं होतं, चुकून नवे महिने पडले. तुम्ही शपथेवर तसं सांगितलंत तर कोर्ट ऐकेल. मी तुम्हाला काही पढवत नाहीये. होऊ शकतं, एवढंच म्हणते."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर दावा गेला. नवी नोटीस, नवा दावा. आणखी दोन वर्षं धरा. काकूंचं वय काय?"

मास्तर कठड्याला धरून उभे राहिले. एकोणसत्तर, असं ते मनात म्हणाले. दोन वर्षं ती भिंत, हेही म्हणाले. चौतीस वर्षांच्या पावत्या एका बाजूला आणि दारातली एक खुर्ची दुसऱ्या बाजूला. मला विचाराल तर त्या दुपारी त्यांच्या जागी मीही काय केलं असतं, सांगता येत नाही.

मास्तर साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहिले, तेव्हा बाइंडरच्या वकिलाने पावती त्यांच्यापुढे धरली.

"ही सही तुमची?"

"माझी."

"शाळेत किती वर्षं पावत्या लिहिल्या?"

"चौतीस."

"त्यात किती चुकल्या?"

"एकही नाही."

"आणि ही?"

मास्तरांचे कान लालबुंद झाले. "ही चुकली," ते म्हणाले. "पैसे जुन्या तीन महिन्यांचे होते. महिने लिहिताना नजरचूक झाली."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून बाइंडरकडे पाहिलं आणि त्यालाच विचारलं, "तुमचं काय म्हणणं? पैसे दिले ते कुठल्या महिन्यांचे?"

त्याच्या वकिलाने त्याला कोपराने ढोसलं. बाइंडर उठला. त्याने मास्तरांकडे पाहिलं, आणि मास्तरांनी पाहिलं ते समोरच्या पंख्याकडे. त्याने काय ओळखलं, ते त्यालाच ठाऊक. त्याला एवढंच दिसलं असेल की ज्या माणसाने कधी खाडाखोड केली नाही, तो सगळ्यांसमोर स्वतःच्या अक्षरावर रेघ मारतो आहे.

"पावतीचं मास्तरांना माझ्यापेक्षा जास्त कळतं," तो म्हणाला. "ते म्हणतात जुने, तर जुनेच असतील."

त्याच्या वकिलाने कपाळाला हात लावला.

निकाल मास्तरांच्या बाजूने लागला. दोन महिन्यांत खोलीचा ताबा, आणि ऑगस्ट ते मार्च अशी आठ महिन्यांची थकबाकी दरमहा हप्त्याने. मास्तर घरी आले आणि बुटांची नाडी सोडता सोडता म्हणाले, "खोली आपली झाली."

"आणि त्या पावतीचं काय झालं?" बाईंनी विचारलं.

"नजरचूक म्हणून सांगितलं."

बाई पलंगावर होत्या, त्याच पलंगावर, जिथून त्यांनी 'लिहा की हो तसं' म्हटलं होतं. त्या "बरं" म्हणाल्या आणि कूस बदलून भिंतीकडे वळल्या.

कोर्टाने नेमून दिलेल्या दिवशी बाइंडरने खोली सोडली. नंबरिंगचं यंत्रही विकलं होतं. उरलेलं सामान एका हातगाडीत मावलं. मास्तरांनी भिंतींना चुना दिला, फरशी तीनदा धुतली, तरी खळीचा आंबूस वास काही जाईना. वेताची नवी खुर्ची आणली, हातांना गादी लावलेली. मग शेजारच्या चौघांनी बाईंना खुर्चीसकट उचलून एकवीस पायऱ्या खाली आणलं, आणि मास्तरांनी स्वतःच्या हाताने ती खुर्ची बरोब्बर दारात मांडली. वर्षाहून जास्त दिवस ज्यासाठी जीव आटवला, ते समोर होतं.

"इथं नको," बाई म्हणाल्या. "वारा लागतो."

दुसऱ्या दिवशी ऊन डोळ्यांवर आलं. तिसऱ्या दिवशी धूळ. चौथ्या दिवशी त्यांनी कारण द्यायचंही सोडलं. खुर्ची आतल्या भिंतीशी, तोंड भिंतीकडे. भिंतीवर चुन्याखालून बाइंडरच्या फळ्यांच्या खिळ्यांची भोकं दिसत होती. रस्ता पाठीमागून जायचा. भाजीवाला ओट्याशी येऊन "काकू, खाली आलात म्हणे!" असं ओरडला, तर त्या मागे न बघताच "हो बाबा" म्हणाल्या. मास्तर सगळं समजून होते. त्यांना झोप लागेनाशी झाली, जेवण जाईना. भांडली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटायचं. पण चाळीस वर्षं अखंड बोललेल्या बाईने नेमकी आता गप्प बसायची वेळ निवडली होती.

पुढच्या महिन्याच्या एक तारखेला बाइंडर हप्ता घेऊन आला. त्याच्या बखोटीला तोच पत्र्याचा डबा. वीस वर्षं ज्या उंबऱ्याच्या आत तो राबला, त्याच्या बाहेर उभा राहिला. मास्तर "आत ये" म्हणाले, तेव्हा एक पाय आत घेतला. बाईंनी मान वळवली नाही.

"पहिला हप्ता," तो म्हणाला. "ऑगस्टचा लिहायचा ना, निकालाप्रमाणे?"

मास्तरांनी पुस्तक उघडलं. त्याच्याच हातचं शेवटचं पुस्तक. कार्बन सरळ केला. पान उलटताना एकशे सत्तेचाळीसची स्थळप्रत दिसली: जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, खाली सही, कुठे खाडाखोड नाही. मास्तरांनी ती पुन्हा वाचली. मग पेन टेकवलं, एका दमात पावती लिहिली, सही केली आणि पान रेघेवर नीट फाडलं.

बाइंडरने पावती घेतली, घडी घालणार तेवढ्यात थांबला. पुन्हा वाचली.

"मास्तर, तुम्ही मे लिहिलंत."

"हो."

"निकालात मे फिटला आहे. मे, जून, जुलै फिटले असं तुम्हीच..." त्याचा आवाज खाली आला. "हा कागद माझ्या वकिलाला दाखवला, तर सगळं उलटेल. तुम्हालाही कोर्ट सोडायचं नाही."

"ठाऊक आहे मला."

"मग चुकून लिहिलंत का?"

"नाही," मास्तर म्हणाले. "मागे चुकून लिहिलं नव्हतं, आणि आताही नाही. तुझा मे बाकी होता. तो आज फिटला. कागद तुझा आहे, त्याचं काय करायचं ते तू बघ."

बाइंडर कागद हातात धरून तसाच उभा राहिला. बाहेरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

"कुठला महिना लिहिला हो?" भिंतीकडे तोंड करूनच बाईंनी विचारलं. सगळं ऐकलं होतं तरी विचारलं.

"मे," मास्तर म्हणाले.

बाइंडरने पावतीची घडी घातली, डबा उघडला आणि ती आत इतर पावत्यांवर ठेवली. झाकण लावलं.

"अहो," बाई म्हणाल्या, "खुर्ची जरा दारात घेता का?"

मास्तर उठले, पण त्यांच्या एकट्याच्याने ते होण्यासारखं नव्हतं. बाइंडरने डबा उंबऱ्यावर ठेवला आणि खुर्चीचा दुसरा हात धरला. दोघांनी मिळून बाईंना खुर्चीसकट उचललं, वळवलं आणि दारात आणून बसवलं. बाईंनी पदर नीट केला, उन्हात डोळे बारीक करून रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहून घेतलं.

"अगंबाई, समोरचा न्हावी दुकान सोडून कधी गेला?" त्यांनी विचारलं, आणि दोघे पुरुष एकदमच सांगायला लागले.